साहेबाचा नाद खुळा

कानावर आलंय ना तुमच्या, सटन युनायटेडच्या त्या राखीव गोलकीपरचं? सामना ऐन भरात, समोर आर्सेनलसारखं बडं धेंड, सगळा देश टीव्हीपुढे बसलेला, आणि हे महाशय बाकावर बसून खातायत! मांस-बटाट्याचं सारण भरलेली पेस्टी, तीही कॅमेऱ्यासमोर, चवीचवीने. २०१७च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आता भूक काय, कुणालाही लागते. पण एका सट्टेवाल्या कंपनीने आधीच भाव काढून ठेवला होता : हा गडी कॅमेऱ्यासमोर खाणार, एकास आठ! मग काय, राजीनामा, चौकशी, ३७५ पौंड दंड, दोन महिन्यांची बंदी. सटन ०-२ हरलं, ते विसरले सगळे. पेस्टी तेवढी अमर झाली.

तर असा हा एफए कप, इंग्लंडमधली ‘हरला तो बाद’ फुटबॉल स्पर्धा. १८७२ साली पहिली फायनल झाली, तेव्हापासून साहेबाच्या अंगात येतंय ते अजून उतरलेलं नाही. एरवी किती शहाणा माणूस! बसच्या रांगेत मुकाट उभा राहील, पायावर पाय पडला तर उलट स्वतःच सॉरी म्हणेल. पण या कपाचं नाव काढा, की सुटलाच. सातशेच्या वर क्लब उतरतात हो! ऑगस्टपासूनच एकमेकांना घरी पाठवायला सुरुवात. दिवसा नोकरी-धंदा करून संध्याकाळी सरावाला येणारी माणसं, गावकुसाबाहेरची मैदानं. आणि जानेवारीत, तिसऱ्या फेरीला, प्रीमियर लीगवाले गाड्या-घोड्यांनिशी अवतरतात. तिथून खरा तमाशा.

आणि निर्लज्जपणा बघा, मानांकन नावाची गोष्टच नाही. कोण कुणाशी भिडणार हे ठरवायला सगळ्यांच्या नंबरांच्या गोट्या एकाच पिशवीत. १९३५ साली तर त्या गोट्यांचा खळखळाट रेडिओवरून ऐकवायला लागले, आणि लोक कानात प्राण आणून ऐकायला लागले. पिशवीतल्या गोट्या! आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी वैद्य बोलावला असता. (कोल्हापूरकरांनी इथे गालातल्या गालात हसू नये. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण अशी फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमच्या आसपास काय चालतं, ते आम्हाला ठाऊक आहे.)

माझं स्पष्ट मत सांगते, या लोकांना फुटबॉल बघायचाच नसतो. यांना बड्याचं नाक कापलेलं बघायचं असतं. नाहीतर २०२१ साली लिव्हरपूलजवळच्या मरीन नावाच्या क्लबाकडे काय धावले असते? आठव्या पायरीवरचा क्लब, मैदानाला खेटून लोकांची परसं, आणि पाहुणे कोण, तर मूरिन्योचं टॉटनहॅम! कोविडमुळे आत एकालाही प्रवेश नाही. शेजारी कुंपणावरून माना काढून बघतायत. आणि बाकीच्यांनी? ज्या मैदानात पाऊलसुद्धा ठेवता येणार नाही, त्याची दहा-दहा पौंडांची तिकिटं घेतली, तीस हजारांच्या वर! मरीन ०-५ हरलं. पण गल्ला बघा की.

चोऱ्यामाऱ्याही झाल्यात बरं का. १८९५ साली ॲस्टन व्हिलाने कप जिंकला आणि मिरवायला म्हणून बर्मिंगहॅममधल्या एका बुटांच्या दुकानाच्या काचेत ठेवला. रातोरात गायब! व्हिलाला २५ पौंड दंड. कप गेला तो गेलाच. पुढे १९५८ साली ८३ वर्षांचा एक म्हातारा वर्तमानपत्राला सांगतो, ‘मीच चोरला, वितळवून खोटी नाणी पाडली.’ खरं-खोटं देव जाणे. पण साठ-बासष्ट वर्षं पोटात ठेवलं म्हणजे कमालच. आमच्या सोसायटीत साठ मिनिटं राहिलं नसतं.

आणि मँचेस्टर युनायटेड! १९९९चे विजेते, कप त्यांच्याच घरात, आणि पुढच्या वर्षी साहेब खेळायलाच नाहीत. ब्राझीलला गेले, दुसरी स्पर्धा खेळायला. त्यांची रिकामी जागा भरायला आधीच हरलेल्यांतून चिठ्ठी काढली, ती डार्लिंग्टनच्या नावाची निघाली. ते बिचारे पुन्हा येऊन पुन्हा हरले. एकाच स्पर्धेत दोनदा बाद, असा मान कुणाला मिळतो?

हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं मी. पण २०२४-२५ पासून यांनी रिप्लेच काढून टाकला! पूर्वी बरोबरी झाली की दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा सामना व्हायचा. आता पहिल्या मुख्य फेरीपासून त्याच दिवशी जादा वेळ, नाहीतर पेनल्टी, आणि चला घरी. खालच्या क्लबांनी बोंब मारली, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. का नाही मारणार? १९७२ साली हेरफर्डसारख्या खालच्या क्लबाने बड्या न्यूकॅसलला त्यांच्याच घरी २-२ रोखलं, म्हणून तर न्यूकॅसलला त्या गावच्या चिखलात उतरावं लागलं. पाच-एक मिनिटं राहिलेली, न्यूकॅसल १-० पुढे. तेवढ्यात रॉनी रॅडफर्डने, पेशाने सुतार हो, लांबून असा काही फटका हाणला की बॉल थेट वरच्या कोपऱ्यात. टोप्यांची जाकिटं घातलेली पोरंसोरं कुंपणं ओलांडून मैदानात! जादा वेळेत रिकी जॉर्जने दुसरा मारला आणि न्यूकॅसलचा कारभार आटोपला. इंग्लंडमध्ये अजून तो गोल दाखवतात, आणि तो रिप्लेतला!

बरं, नुसती हौस नाही, पोटाचाही प्रश्न आहे. २००५ साली कर्जात बुडालेल्या एक्झिटरने मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० थोपवलं. रिप्ले हरले, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नाने क्लब तरला. आता कुठला तरतोय?

आणि कारण काय देतात, तर तारखा नाहीत. खेळाडू दमतात म्हणे. बरोबर आहे, दमणारच की. त्याच २०२४च्या मे महिन्यात लीग संपून तीन दिवस झाले नाहीत, तोच टॉटनहॅम मेलबर्नला मैत्रीचा सामना खेळत होतं. विमानाने ऑस्ट्रेलिया! त्याला तारीख मिळाली. आणि समोर कोण होतं, ठाऊक आहे? न्यूकॅसल!