पुस्तके देणारे आणि बाकीचे

सुरतेजवळच्या कडोदरा चोकडीवरून एक रस्ता बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे जातो, दुसरा भरूचवरून बडोद्याला. पहिल्या रस्त्याने खानदेशी कुटुंबे कपड्यांच्या मिलमध्ये कामाला आली. अशा घरातली एखादी मुलगी पुढे कॉलेजात ग्रंथपाल झाली, की धुळ्याच्या मावशी हमखास म्हणतात, ‘‘बरं झालं बाई, बसून पुस्तकं वाचायची!’’

मावशींचा काही दोष नाही. वाचकाला काउंटरवरचा एकच माणूस दिसतो. तोच शिक्का मारतो, तोच दंड घेतो, सगळे ग्रंथालय म्हणजे तोच. पडद्यामागची मंडळी वेगळीच.

दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला हे एका राजाने फार आधी ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बडोद्यास बोलावले. बॉर्डन यांनी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत बसवली आणि ग्रंथालयाचे काम शिकवणारा वर्गही काढला. नुसती पुस्तके हातात द्यायची असती, तर त्यासाठी कोणी समुद्रापारहून माणूस आणला असता का? 1912 पासून तिथून ग्रंथालयांना वाहिलेले एक त्रैमासिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठीत.

काम रुक्ष वाटते ही तक्रारही जुनीच. गणिताचे प्राध्यापक रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत शिकवायला जातो म्हणाले. आधी लंडनला जाऊन काम शिकून या, असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले, आले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आज ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. कंटाळा इतका फळाला आल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

आता पडद्यामागे डोकावू. नवे पुस्तक आले, की बिल तपासून दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग शिक्के. एक पहिल्या पानावर आणि एक आत कुठेतरी ठरलेल्या ‘गुप्त’ पानावर. पहिले पान फाडून पुस्तक पळवणारा महाभाग त्या दुसऱ्या शिक्क्यापर्यंत सहसा वाचत नाही.

त्यानंतर पुस्तक तालिकाकाराकडे जाते. तो त्याला वर्गीकरणाचा क्रमांक देतो. ड्यूई यांच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर आणि गुजराती 891.47 वर. कडोदऱ्यात भिंतीला भिंत लावून राहणारे लोक फडताळावरही शेजारी! आता काका कालेलकर कुठे ठेवायचे? जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, आणि लिहिले इतके सरस गुजराती, की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. तालिकाकार जन्मदाखला पाहत नाही, पुस्तकाची भाषा पाहतो आणि काकांना निमूटपणे 891.47 मध्ये बसवतो. प्रांतवादाचा इतका झटपट निकाल कोर्टातही लागत नाही.

संदर्भ विभागातल्या माणसाचे काम आणखी निराळे. ‘ते निळ्या कव्हरचं पुस्तक’ एवढ्या पत्त्यावर त्याला ग्रंथ शोधावा लागतो. शिवाय हल्ली पीएच.डी.च्या प्रबंधांतली उचलेगिरी तपासणे, ई-ग्रंथ पुरवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या पासवर्डांसाठी रडणाऱ्यांचे डोळे पुसणे आणि कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले, की दारावरच्या वहीतल्या सह्या मोजणे. विद्यापीठात यासाठी ग्रंथपाल, उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल अशी उतरंड असते. लहान कॉलेजात ही सगळी पदे एकाच खुर्चीत बसतात आणि शिपाई रजेवर असला, तर खुर्चीही पुसतात.

खरा सत्ताधीश मात्र परिचर. संगणक ‘पुस्तक उपलब्ध’ म्हणतो. ते कोणत्या फडताळात, कोणत्या जाडजूड ग्रंथामागे घसरले आहे, हे परिचरालाच ठाऊक. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवल्यातच जमा.

म्हणून वाचकांना एकच विनंती. चाळून झालेले पुस्तक मदत म्हणून स्वतः फडताळात खोचू नका. टेबलावरच राहू द्या.