वाढत्या अंगाचा वेटसूट

आमच्या सोसायटीत मागे तीन-दोनचा प्रश्न पेटला होता. नोएडात कुणी ‘तीन-दोन घेतला’ म्हटलं की ऐकणारा तीन बेडरूम, दोन बाथरूम असा हिशेब करतो आणि पुढचा प्रश्न टाकतो, ‘रजिस्ट्री झाली का?’ मीही टाकला. त्यावर सी टॉवरमधले आमचे शेजारी दुखावले.

“फ्लॅट नहीं भाईसाब, वेटसूट!”

शेजाऱ्यांनी सर्फिंगचं सगळं सामान घेतलंय. समुद्र तेवढा राहिलाय. जवळात जवळचा म्हटला तरी तो हजारेक किलोमीटरवर आहे. इथे जवळ आहे ती यमुना. छठपूजेच्या सुमारास कालिंदी कुंजला तिच्यावर पांढराशुभ्र फेस येतो. लाट नाही, नुसता फेस. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

वेटसूटच्या लेबलावर 3/2 असं छापलं होतं. शेजारी हिशेबाच्या खात्यात जन्म काढलेले. त्यांनी तीनला दोनानं भागलं आणि दीड मिलिमीटर जाडीचा सूट घेतल्याचं ग्रुपवर जाहीर केलं. बी टॉवरच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांनी दीड ही जाडी पुरेशी नसल्याचं मत नोंदवलं. एकानं ती बनवल्याची तारीख असावी, अशी शंका काढली. एका काकूंनी तीनवर दोन फ्री आहेत का, असं विचारलं, आणि तेवढा एकच प्रश्न ग्रुपला मनापासून पटला. शेवटी मला सांगावं लागलं की हा अपूर्णांक नाही. छाती-पाठीला तीन मिलिमीटर, हातापायांना दोन. धड गरम राहावं आणि हात मारायला मोकळे राहावेत, एवढाच त्याचा अर्थ. ग्रुपवर शांतता पसरली. मग कुणीतरी ‘गुड मॉर्निंग’चा गुलाब टाकला.

दुसऱ्या दिवशी शेजारी सूट घालून दाखवायला आले. चेन पुढे. या सुटाची चेन पाठीवर असते आणि ती स्वतःच ओढता यावी म्हणून तिला हातभर पट्टी लावलेली असते. पुढे घेतल्यामुळे ती पट्टी शेजाऱ्यांच्या पोटावर टायसारखी लोंबत होती. तेही एक वेळ चाललं असतं, पण सूट अंगावर दोन्हीकडून झुलत होता. कारण विचारलं तर म्हणाले, पुढे तब्येत सुधारली तर? दोन साइज मोठाच घेतला.

माझ्या डोळ्यांसमोर माझी पाचवीची खाकी चड्डी उभी राहिली. शिंप्याकडे नेताना वडील सांगायचे, ‘वाढत्या अंगाची शिवा.’ ती दहावीपर्यंत टिकली. कमरेला करगोट्यानं आणि समाजात निव्वळ धैर्यानं. पण चड्डीचं शास्त्र वेगळं आणि वेटसूटचं वेगळं. हा सूट माणसाला कोरडा ठेवत नाही. तो पाण्याचा एक पातळ थर कातडीलगत अडकवतो, तो थर अंगाच्या उबेनं तापतो, आणि रबरातले हवेचे बारीक बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. सूट ढगळ असला की दर लाटेला जुनं पाणी बाहेर आणि नवं गार पाणी आत. म्हणजे आपण समुद्र तापवायला घेतो. वाढत्या अंगाचा वेटसूट ही पाणी भरायची पिशवी आहे, तिला चेन आहे इतकंच.

आणि तापवायचं तरी कशाला? कोकण-गोव्याचं पाणी वर्षातला बराच काळ 28 अंशांच्या आसपास असतं. आमचा मालवणचा मामेभाऊ त्यात गंजीफ्रॉकवर उतरतो आणि बाहेर आल्यावर त्याला घाम येतो. तिथे नवशिक्याला उन्हापासून आणि बोर्डाच्या घासण्यापासून वाचवणारा पातळ लांब बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. वेटसूट हवा तो कॅलिफोर्नियाच्या, कॉर्नवॉलच्या थंड पाण्यात. आपण सामान घेतो तेव्हा परक्यांची थंडी विकत घेतो. बोर्डाचंही तेच. शेजाऱ्यांसारख्या 92 किलोच्या नवशिक्यानं आठ-नऊ फुटांचा जाड, मऊ फोमचा बोर्ड घ्यावा. तो तरंगतो, स्थिर राहतो आणि डोक्यात बसला तर फक्त अपमान होतो. शेजाऱ्यांनी सहा फुटी, अणकुचीदार आणला, कारण आठ फुटी लिफ्टमध्ये मावेना. बोर्डाला लावायचं मेण थंड पाण्याचं, म्हणजे मऊ. ते मे महिन्यात गाडीच्या डिकीतच विरघळलं. मुहूर्त जुलैचा धरला, ‘तब लहरें बड़ी होती हैं’ म्हणून. ज्या समुद्रात नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी लोटत नाही, त्यात हे दीड मिलिमीटर घेऊन उतरणार.

“तुम्हाला पोहता येतं?” मी विचारलं.

“सीख लेंगे. पहले सामान तो पूरा हो.”

इथे माझं हसू संपलं. मुल्कीला, कोवलमला, आश्व्याला शिकायला गेलात तर शिकवणारा बोर्ड स्वतःच देतो. काहीच विकत घ्यायचं नसतं. आधी लागतं ते पोहणं, आणि ते दुकानात मिळत नाही. ते मिळायचं ठिकाण आमच्या आवारातच असायला हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी ज्या माहितीपत्रकावर मी सही केली, त्यात निळाशार ऑलिंपिक मापाचा तलाव होता, काठावर कुणीतरी गोरी बाई होती. ताबा सात वर्षं उशिरा मिळाला. तोवर हप्ताही भरला आणि भाडंही. आज तलाव साडेतीन फूट खोल आहे आणि ऑक्टोबर ते मार्च बंद. उघडा असतो तेव्हा टोपी सक्तीची, पाणी ऐच्छिक. घराचा आकडा कागदावर सुपर एरियाचा. त्यात जिना, लिफ्ट, गच्ची आणि पहारेकऱ्याची खुर्ची धरलेली. राहायला मिळतं त्याच्या पाऊणपट. अरे, तो वेटसूट विकणारा निदान प्रामाणिक आहे! जाड कुठे आणि पातळ कुठे, हे तो छातीवर छापून देतो. आमच्या भिंतींवर हे कुणी छापलं का? बाथरूमच्या भिंतीतून मला शेजाऱ्यांच्या गुळण्या मोजता येतात. ती भिंत किती मिलिमीटर, हे मी लेखी विचारलं, तीनदा. उत्तर आलं की तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

असो. विषय सर्फिंगचा होता.

जुलै समुद्राविनाच गेला. जानेवारीत धुकं उतरलं, पारा पाचवर आला आणि आमच्या रांगेतले सगळे गिझर एकाच सकाळी बसले. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चावत होतं. साडेसातला बेल वाजली. दारात शेजारी, काळे, ओलेचिंब आणि प्रसन्न. दोन बादल्या अंगावर घेतल्या होत्या, सूट घालूनच. वर्षभराच्या दाल-मखनीनं अंग सुटाला पुरून उरलं होतं. कुठे सुरकुती म्हणून नव्हती. चेनही आता पाठीवर होती.

“छाती एकदम गरम,” ते म्हणाले, “हाथ-पैर थोड़े ठंडे. तीन-दो, बिल्कुल सही!”

मग पाठ फिरवून चेन उघडून द्यायची विनंती केली. पट्टी तुटली होती. मी ओढली. आतून खरंच वाफ आली.

दार लावून वळलो तर सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बघत होत्या.

“अहो, आपल्यालाही एक मागवा की,” त्या म्हणाल्या. “आणि वाढत्या अंगाचा बघा.”