यंत्राचा रसिक

इंडस्ट्रिअल मेटलचा जाणकार नुसत्या काळ्या टी-शर्टवरून ओळखू येत नाही. काळे टी-शर्ट हल्ली जिमचे ट्रेनरही घालतात. खरी खूण वेगळी. ‘अमुक अल्बम कसा आहे रे?’ असं विचारलं की तो उत्तर देत नाही, उलट विचारतो, ‘कशावर ऐकलास?’ आपण भाबडेपणाने ‘मोबाइलच्या स्पीकरवर’ असं सांगितलं, की तो चहा अर्धा टाकून उठतो.

आमच्या माहितीतला नमुना भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर पॉवर प्रेसच्या धडधडीत उभा. नियमाप्रमाणे कानात इयरप्लग. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की इयरप्लग काढून डबीत ठेवतो आणि कानांवर भलामोठा हेडफोन चढवतो. त्यातून बाहेर जे झिरपतं ते ऐकून शेजारचा फिटर म्हणतो, ‘साहेब, दिवसभर ऐकून पोट नाही भरलं?’ यावर आमचा माणूस गंभीरपणे सांगतो, ‘आपला शंभर टनी प्रेस लयीत नाही. स्ट्रोक पडतो, पण समेवर येत नाही.’

त्याची पोथी म्हणजे फिअर फॅक्टरी या लॉस एंजेलिसच्या बँडचा १९९५ सालचा ‘डीमॅन्युफॅक्चर’. माणूस विरुद्ध यंत्र अशी ‘टर्मिनेटर’च्या वळणाची कल्पना. रेमंड हेरेराचे दोन्ही पाय बास ड्रमवर, आणि त्या पायांना डिनो कझारेसचा गिटारवरचा उजवा हात टोल्याला टोला जोडलेला. मध्ये सुई घुसायला जागा नाही. वर बर्टन बेल आधी गुरगुरतो आणि ऐन मोक्याला एकदम स्वच्छ, लांब सूर लावतो. हे दोन्ही एकाच गळ्यातून काढणं तेव्हा नवलाचं होतं. मागे ऱ्हिस फुलबर या कॅनडाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्याने कीबोर्डने घातलेला कारखान्याचा गारठा. हे सगळं सांगताना आमचा जाणकार हवेत पंजा आपटत असतो आणि टेबलाखाली त्याचे दोन्ही पाय चालू असतात. कॅन्टीनमधले लोक ताटं आवरून घेतात.

गुण इथे संपतात. दोषांना मात्र त्याचा खरा गळा लागतो. बास गिटार शोधून सापडत नाही. सगळे टोले एकाच मापाचे, हलका-जोराचा काही भेदच नाही. उत्तरार्धातली गाणी एकमेकांच्या गल्लीत शिरतात. शेवटचं गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं, त्यातली निम्मी मिनिटं धुक्यात. शब्द कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे. आपण या यादीला भुलून ‘हो रे, ते ड्रम जरा टाइपरायटरसारखेच वाटतात’ असं म्हणण्याचा अतिप्रसंग करू नये. मी केला होता. त्याने माझ्याकडे रिजेक्ट झालेल्या मालाकडे बघावं तसं बघितलं आणि ‘तुला त्यातलं काही कळत नाही’ हे तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. दोष काढण्याचा हक्क त्याचा, कारण दोनशे वेळा ऐकण्याचे कष्ट त्याचे.

‘डीमॅन्युफॅक्चर’मध्येच एक गाणं आहे ‘डॉग डे सनराइज’. ते मुळात त्यांचं नव्हे, बर्मिंगहॅमच्या हेड ऑफ डेव्हिड या बँडचं, ही माहिती तो आपल्याला हमखास देतो. त्या बँडमध्ये ड्रम वाजवायला जस्टिन ब्रॉडरिक होता, हीसुद्धा. मग ब्रॉडरिकने ड्रम सोडून गिटार धरली, गॉडफ्लेश काढलं, आणि ड्रमरच्या जागी थेट ड्रम मशीन बसवलं. १९८९चा ‘स्ट्रीटक्लीनर’ तसाच झाला आहे. ‘याला म्हणतात इंडस्ट्रिअल!’ इथे त्याचा आवाज घोगरा होतो. गाण्याची गती आमच्या नाशिक फाट्यावरच्या ट्रॅफिकइतकी, पण ते त्याच्यासमोर बोलायचं नाही.

जुन्या रसिकाला कसं बालगंधर्वांनंतर सगळं उतरणीला लागलेलं दिसतं, तसं याला १९९५नंतर. मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉकचा जलसा व्हायचा, त्या दिवसांबद्दल तो असा बोलतो की पुढच्या रांगेत लोड-तक्के होते असं वाटावं. आजूबाजूला रुग्णालय आणि कॉलेज, म्हणून आवाजाच्या नियमात ते खुलं नाट्यगृह बंद पडलं. हा घाव त्याने अजून सुकू दिलेला नाही.

त्याचा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. परवा त्याने मामाला नीट कोंडीत पकडलं. १९९५मध्ये माणूस वाजवत होता, तर तक्रार काय, तो यंत्रासारखा वाजवतो. २०१२च्या ‘द इंडस्ट्रिअलिस्ट’साठी फिअर फॅक्टरीने ड्रमर बोलावलाच नाही, ड्रम संगणकावर रचले. ऐकायला हुबेहूब तेच. तेव्हा मामाची तक्रार, यात जीव नाही. पुढे २०२१च्या अल्बमला गिटारिस्टने चाहत्यांकडून चक्क वर्गणी गोळा केली, कशाला, तर संगणकाचे ड्रम काढून खऱ्या माणसाकडून वाजवून घ्यायला! यंत्राविरुद्ध माणसाचा लढा गाणाऱ्या बँडला माणूस परत आणायला पावतीपुस्तक काढावं लागलं. (मामाने वर्गणी दिली नाही. तो सोसायटीच्या गणपतीलाही शंभराच्या वर जात नाही.)

‘मग मामा, ड्रम वाजवायचे तरी कोणी?’

‘माणसानेच,’ मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. ‘पण ते कळता कामा नये.’

भाच्याने निमूटपणे आपल्या बँडचं नवं रेकॉर्डिंग लावलं. मामाने डोळे मिटले, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला आणि गाणं पुरं होईपर्यंत हलला नाही. मग हेडफोन काढून, काच पुसावी तशी त्याची गादी टी-शर्टला पुसत म्हणाला, ‘चांगलं आहे. बास गिटार तेवढी फार ऐकू येते.’