जरा वरून एक काढा

स्वतःचा मोबाइल तुमच्या हातात कोंबून, कमरेत वाकून, टाळू तुमच्या नाकासमोर आणत “जरा वरून एक काढा” म्हणणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वसाहतीत त्याला अप्पा म्हणतात. फोटो भोवऱ्याचा काढायचा. फ्लॅश नको, अंतर एक हात, सावली पडता कामा नये. काढून झाला की अप्पा तो दोन बोटांनी मोठा करतात आणि विचारतात, “मागच्या महिन्यापेक्षा भरल्यासारखं वाटतंय ना?” नाही म्हणायची सोय नसते, कारण मागच्या महिन्यातलाही तुम्हीच काढलेला असतो.

सत्यनारायणाच्या तीर्थाला वाकले तेव्हा त्यांनी गुरुजींच्या ओल्या हातात फोन दिला. “नाहीतरी वाकलोच आहे,” म्हणाले. एका साहेबांच्या निरोप समारंभात भाड्याच्या फोटोग्राफरला स्टुलावर चढवलं. साहेबांचा हार घालतानाचा फोटो हलला. अप्पांचा भोवरा मात्र खणखणीत आला.

अप्पा इथल्याच औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमला. तासातासाला आकडे लिहिण्यात हयात गेली, तेव्हा घरीही लॉगशीट आलंच. उशीवरचे केस, कंगव्यातले, मोरीच्या जाळीवरचे, असे तीन रकाने. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून शंभरचा आकडा त्यांनी वेदवाक्य मानला. एकशे दोन भरले त्या दिवशी स्वारी जेवली नाही.

दोष आधी हेल्मेटला दिला, मग चिमणीच्या राखेला, मग टाकीच्या जड पाण्याला. नाशिक रोडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तिघांनाही निर्दोष सोडलं. काही जणांच्या केसांच्या मुळांना डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोसत नाही. मुळं आकसत जातात, केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. हा वारसा आईकडूनही येतो, बापाकडूनही. अप्पांनी ते लगेच आपल्या भाषेत बसवलं. आमच्या केंद्राचे सगळ्यात जुने दोन संच बंद झाले, आता दोनशेदहा मेगावॅटचे तीन तेवढे उरलेत. “तसंच आहे,” अप्पा कपाळावरून हात मागे नेत म्हणाले, “पुढचे दोन युनिट कायमचे बंद. मागचे तीन चालू.” केस रोपण करून घेणार का, असं कुणी विचारलं की म्हणतात, “सहाशेसाठचा नवा संच येणार आहे.” एकलहऱ्यात हे वाक्य इतकी वर्षं ऐकू येतंय की त्यावर हसावं की उसासा टाकावा, हे ऐकणाऱ्याच्या नोकरीवर अवलंबून.

मध्ये कांद्याचं पर्व झालं. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात असताना कांद्याचा रस डोक्याला चोळायचा नाही तर काय करायचं? एसी कंट्रोल रूममध्ये आठ तास त्यांच्याशेजारी बसणाऱ्यांनी पाळी बदलून मागितली. शेवटी भाव चढले तेव्हा वहिनींनीच कांदे फळीवरून उचलून कपाटात ठेवले. “आमटीला पुरेनात, टाळूला कुठून आणू?”

मग मिनॉक्सिडिल आलं. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, तेव्हा कंपनीचं लक्ष टाळूकडे गेलं आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. पहिले काही आठवडे त्याने केस उलट जास्त गळतात. नव्यांना जागा करून द्यायला जुने सुटतात. हे अप्पांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात लॉगशीटला पुरवणी जोडावी लागली आणि वसाहतीत दिसेल त्याच्या हातात फोन आला.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या बातम्या आल्या. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत बायका-पोरांचेही केस मुठीने हातात येत होते, तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. पाण्यावर संशय गेला, शांपूवर गेला, बुरशीवर गेला. चॅनलवाल्यांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हणून बारसंही उरकलं. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले आणि त्यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम बेसुमार होतं, जस्त कमी. आमच्या टपरीवर अर्थातच कुणीतरी म्हणालं, “अप्पा, आता गहू बदलून बघा.” अप्पा हसले नाहीत. “आपलं आईबापाकडून आलं, बाबा. त्यांचं पोत्यातून आलं,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “त्या पोरी शाळेत कशा जात असतील रे?”

एवढ्यावरून मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो नसतो. पण समोरच्या क्वार्टरमधल्या सूनबाईला डेंग्यू झाला. बरी झाली, कामाला लागली आणि तीन महिन्यांनी तिच्या वेणीचं शेपूट झालं. कुणी माक्याचं तेल आणलं, कुणी जास्वंद, कुणी दृष्ट काढली. पोरगी मोरीत बसून रडायची. अप्पांनी दारातूनच विचारलं, “तीन महिन्यांपूर्वी ताप होता ना?” मोठं दुखणं किंवा बाळंतपण झालं की एकदम पुष्कळ केस विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात, मुळं शाबूत असतात, सहा-आठ महिन्यांत भरून येतं, असं त्यांनी तिला तीनदा सांगितलं. वर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला लावलं. फेरिटिन खरोखरच कमी निघालं.

आणि तिच्या भांगाचा महिन्याला एक फोटो काढायचं काम वहिनींकडे दिलं, चेहरा न येता, त्याच खिडकीत, त्याच उजेडात. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. आरशात रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही आणि तो खचत जातो. आठव्या फोटोत भांग बुजला. अप्पांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला, “हा झाला,” म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

त्यांचे स्वतःचे परत येणार नाहीत. औषध थांबवलं तर राखलेलेही काही महिन्यांत जातील, म्हणून ते रोज लावतात. वसाहतीत केस गळतात म्हणून कुणी रडवेलं झालं, तर आम्ही आता तेल सुचवत नाही; अप्पांच्या क्वार्टरचा नंबर देतो.