नायिकेचा सातबारा

मराठी सिनेमातल्या प्रेमाला ऊस लागतो. नायक-नायिका सरीत शिरतात, पानं हलतात, कॅमेरा आभाळाकडं वळतो आणि बाकीचं प्रेक्षकानं समजून घ्यायचं असतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी एवढ्या कारखान्यांच्या गव्हाणी भरतील इतका ऊस बारामती-इंदापुरात उभा आहे. तरी त्यात प्रेम करून कोणी धड बाहेर आल्याचं ऐकिवात नाही. पात्याला करवतीची धार, अंगात रुतणारी कुसळं, खाली पाचट, पाचटात काय दडलंय ते देवाला ठाऊक. अलीकडं पुणे जिल्ह्यातल्या उसात बिबट्याही मुक्कामाला असतो. दिग्दर्शकाची आणि उसाची भेट बहुधा रसवंतीतच झाली असावी.

उसात बाई असते, पण वेगळ्या कामानं. गळीत हंगामात बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून होतो एक ‘कोयता’, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दोन जीव, नाव एक, पहाटे अंधारात हातात हात नाही तरी कोयता घेऊन सोबत निघायचं. पडद्यावरच्या प्रेमाच्या सगळ्या अटी इथं पुऱ्या होतात. फरक एवढाच, की बाईच्या डोक्यावर मोळी असते आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड कापला जातो. खाडे नकोत म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, विधिमंडळातही गाजल्या. त्यावर गाणं बसत नाही, हे मान्य.

मालिकांमधलं गाव तर फारच गोड. २०१६ साली ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली. शिकलेली शिक्षिका न शिकलेल्या पैलवानावर भाळली आणि घराघरातल्या आया सुखावल्या. त्याच आया मुलीचं स्थळ बघताना काय म्हणतात? मुलगा पुण्यात नोकरीला हवा, गावाकडं बागायत हवी, पण मुलीला रानात जायला लागू नये. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला. पोरगी द्या, ही मागणी थेट कलेक्टर कचेरीवर. पैलवानावर भाळणारी एकही शिक्षिका वाटेत आडवी आली नाही.

पोरींच्या मागं लागण्याबद्दल थोडक्यात. नायक तिच्या मागून चालतो, ती नाही म्हणते, तो पुन्हा येतो, मध्यंतरापर्यंत ती हसते. भारतीय न्याय संहितेत या पूर्वार्धाला कलम ७८ म्हणतात. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. तिकीट काढून बघितलं की तेच प्रेम.

आता ‘सैराट’. तो सिनेमा वगळून इंदापूरकराला पुढं जाताच येत नाही. उजनीच्या पाण्यापलीकडं करमाळा तालुका, तिथं चित्रण झालं. नीरेपलीकडं अकलूज, तिथली रिंकू राजगुरू त्यात अर्ची झाली. २९ एप्रिल २०१६ ला अर्ची बुलेटवर आली, ट्रॅक्टरवर आली, पोराकडं आपणच टक लावून बघितलं. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी शेवटी या धीटपणाची किंमतही दाखवली: रक्ताची माणसं घरी येतात, चहा होतो, आणि मग दोघं रक्तात. आमच्याकडं वरातीत त्यातलं ‘झिंगाट’ वाजतं. शेवट कुठल्याच बँडवाल्यानं बसवला नाही. हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये ‘धडक’ करताना गोष्ट उदयपूरला नेली आणि तिच्यातली जात इतकी पुसट केली, की ती शोधायला भिंग घ्यावं.

पण अर्चीनं चालवलेला ट्रॅक्टर कोणाचा? बापाचा. रान कोणाचं? बापाचं. तिच्या मालकीचा फक्त धीटपणा.

आमच्या सिनेमानं बाईला प्रेम भरभरून दिलं: प्रियकराचं, नवऱ्याचं, भावाचं. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला आणि बायकांनी पदर भिजवले. १९९४ मध्ये आमच्या बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. देशाला त्यासाठी २००५ उजाडावं लागलं. साडी आणि कायदा यांत सामना झाला. निकाल बघायचा असेल तर कुठल्याही दुय्यम निबंधक कचेरीत जा. बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा नाहीतर सही करताना दिसतील. बाहेर भाऊ उभा, हातात पिशवी, पिशवीत साडी. सही न करणाऱ्या बहिणीला भाऊबीजेचा फोन येत नाही. याला आपण माया म्हणतो.

तेव्हा चॅनेलवाल्यांना एकच विनंती. नायिकेला झोपतानाही पैठणी नेसवा, हरकत नाही. सासूला घोटभर विष कालवू द्या. फक्त पुढच्या मालिकेत नायक गुडघा टेकेल तेव्हा अंगठी देऊ नका. तिचं नाव लागलेला सातबारा द्या. भाग कमी पडतील ही चिंता नको. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली होती. भावाची हरकत आली आणि तलाठ्याकडं फेरफार अडकला, की ही त्याहून लांबेल.