बिननावाच्या रॉडची ओळखपरेड

आर्गन वेल्डिंगचा फिलर रॉड साधारण मीटरभर लांब असतो आणि त्याचं नाव, म्हणजे आकडा, बहुधा टोकाला ठोकलेलं असतं. आकड्याचं टोक हातात धरावं आणि दुसरं जाळावं, अशी शिस्त. वेल्डर हाताला लागेल ते टोक जाळतो. उरलेला तुकडा बिननावाचा होतो, आणि असा तुकडा टाकायचा नसतो हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

बंगळुरूतल्या मल्लेश्वरमहून पीण्याची औद्योगिक वसाहत फार लांब नाही, त्यामुळे इथल्या माळ्यांवर अशा तुकड्यांच्या जुड्या निघतात. याच वस्तीतल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांच्या दानाचा १६६९चा शिलालेख आहे. साडेतीनशे वर्षांनीही दाता कोण ते कळतं. रॉडवरचा आकडा दुपारच्या चहापर्यंतही टिकत नाही.

ओळखायला सगळ्यात फसवा तांबूस रॉड. साध्या पोलादावर गंज चढू नये म्हणून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. चुंबक चिकटला की पोलाद. नाही चिकटला तर तांबं किंवा सिलिकॉन ब्राँझ. स्टेनलेसचा ३०८ मात्र चुंबकाला धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही.

मग ग्राइंडर. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळट-पांढऱ्या. स्टेनलेसच्या आखूड, नारिंगी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम ठिणगी देतच नाहीत. वजनाला हलका, पांढरट रॉड चाकावर धरूच नये. ॲल्युमिनियम असेल तर चाक बुजतं, मॅग्नेशियम असेल तर भुकटी पेटते.

ॲल्युमिनियममधली दोन भावंडं, ४०४३ आणि ५३५६, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वेगळी होतात. सिलिकॉनवाला ४०४३ काळवंडतो, मॅग्नेशियमवाला ५३५६ उजळ राहतो. हा प्रयोग हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर करावा. स्वयंपाकघरातलं पातेलं घेऊ नये. ते ॲल्युमिनियमचं असेल तर विरघळू लागतं.

स्टेनलेसच्या ३०८ आणि ३१६ यांच्यात मुख्य फरक दोन-तीन टक्के मोलिब्डेनमचा. तो डोळ्यांना, चुंबकाला, घरच्या ग्राइंडरला कळत नाही. एक्स-रेचं पिस्तूल क्षणात सांगतं, पण त्याच्या किमतीत नवे रॉड टेम्पोभर येतील.

ओळख न पटलेल्या रॉडने दाबाची टाकी, शिडी किंवा गाडीची चासी जोडू नये. गच्चीवरच्या टोमॅटोला आधार म्हणून तो उत्तम. टोमॅटो आकडा विचारत नाही.