बोलता यावं, गाता येऊ नये

मला साखर निघाली तेव्हा पेढे सोडून बाकी सगळं घरी आलं: मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि मेहुणे.

मेहुणे या खात्यात मला बरेच ज्येष्ठ. चालणं हा व्यायामच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. घाम निथळला नाही तर साखर जळणार कशी? म्हणून ते सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या पळत चढतात. बायकोचं म्हणणं, वेगाचं नंतर बघू, आधी खुर्ची सोडा. मी तटस्थ आहे, आणि तटस्थ राहायला बसावंच लागतं.

डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन-तीन दिवस थोडी वजनं, आणि सलग दोन दिवसांवर खाडा नको. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, पुढे एक-दोन दिवस इन्सुलिनलाही बरी दाद देतात, मग पुन्हा सुस्तावतात. मध्यम म्हणजे नेमकं किती? "बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये."

ही कसोटी पुण्याबाहेर उपयोगी असेल. सारसबागेतल्या आमच्या कंपूत एक निवृत्त बँकवाले पेन्शनच्या फरकावर बोलायला लागले की श्वास कधी घेतात हेच कळत नाही. दुसऱ्या काकांना बाकावर बसूनही गाता येत नाही, म्हणजे या हिशोबाने त्यांचा व्यायाम चोवीस तास चालू.

परवा मेहुण्यांनी मशीन बरोबर आणलं. पायथ्याशी साखर १४२. पळत वर गेले, टेकले, बोट टोचलं: १७१. मशीनला शिव्या घालून दुसरं बोट टोचलं, १६८. मशीन बिचारं खरं बोलत होतं. एकदम जोर लावला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. यकृत म्हणजे घरातली आजी. पोरगं धापा टाकत दारात आलं की विचारपूस नंतर, आधी हातावर लाडू. ही वाढ तात्पुरती असते, पुढे उतरते, आणि व्यायामाचा फायदा कुठे जात नाही. पण तेवढ्या वेळात बायकोने तो आकडा सगळ्या नातेवाइकांना कळवला होता.

मेहुण्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये मधुमेह्यांच्या एका गटाला एकाच लयीत चालवलं, दुसऱ्याला तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश असं. शक्ती दोघांची सारखीच खर्च होईल अशी बेतलेली. २०१३ साली निकाल आला: आलटून पालटून चालणाऱ्यांची साखर जास्त सुधारली. हे ऐकवल्यावर मेहुणे खूश झाले नाहीत. 'सावकाश' त्यांना खटकलं.

मला मात्र त्याच वर्षीचा एक अमेरिकन प्रयोग आवडला. साखरेच्या उंबरठ्यावरच्या वयस्कर मंडळींना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालवलं, तर रात्रीच्या जेवणानंतरची साखर एकरकमी पाऊण तास चालण्यापेक्षा जास्त आवरली गेली. म्हणजे शतपावलीच की! फक्त मिनिटाला शंभर पावलं हा मध्यम चालीचा ढोबळ हिशोब, आणि आपण तीच शंभर पावलं बडीशेप चघळत, दात कोरत, अर्ध्या वाटेत पार्किंगवरून भांडत पुरवतो.

आता जेवणानंतर आम्ही दोघं सोसायटीला पंधरा मिनिटं फेऱ्या घालतो. दर वळणावर कुणीतरी विचारतंच, "काय, शतपावली का?" थांबून उत्तर दिलं की वेग गेला, तसंच पुढे गेलं तर माणूस शिष्ट ठरतो. मी थांबतो. बायको वेग न मोडता तीन बिऱ्हाडांची ख्यालीखुशाली विचारत पुढे निघून जाते. बोलणं अखंड, गाणं नाही. अगदी डॉक्टरांना हवी तशी चाल. आणि तिला साखर नाहीच.